शेजारची वाडी व आपलें ताट

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. वसई स्थानकाबाहेर सायंकाळच्या गर्दींत एक बाई टोपली मांडून बसल्या होत्या. टोपलींत अळूच्या जुड्या, शिराळीं, दोन केळफुलें आणि केळीच्या पानावर मांडलेलीं थोडीं लिंबें होतीं. एक सुशिक्षित गृहिणी अळूच्या जुडीवरून घासाघीस करीत त्यांच्यापुढें उभ्या होत्या. जुडी वीस रुपयांची. गृहिणींचें म्हणणें, पंधरांच्या वर देणार नाहीं. पाऊस वाढला, अंधार पडूं लागला, टोपली अजून अर्धी भरलेली. शेवटीं बाईंनीं जुडी पंधरा रुपयांस देऊन टाकली. गृहिणींच्या दुसऱ्या हातांत एका मोठ्या दुकानाची पिशवी होती. तींतील बिस्किटांच्या पुड्यावर जी किंमत छापली होती ती त्यांनीं बिनतक्रार मोजली असणार, कारण छापील किमतीशीं कोणी हुज्जत घालीत नाहीं.

पुढील शनिवारीं शाळेंत पालकसभा भरली. त्या दोघी एकाच बाकावर शेजारीं बसलेल्या आम्हांस दिसल्या. दोघींचीं मुलें एकाच वर्गांत शिकतात व एकाच संघांतून खेळतात. दोघींनीं एकमेकींस ओळखलें कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु टोपलीवाल्या बाईंच्या मुलानें शाळेच्या अर्जांत ‘आईचा व्यवसाय’ ह्या रकान्यांत ‘गृहिणी’ एवढेंच लिहिलें होतें, हें मात्र आम्हांस ठाऊक आहे. आई शेती करते व भाजी विकते, असें लिहिण्याची त्यास लाज वाटली. ही लाज त्यास कोणीं शिकविली, ह्या प्रश्नानें आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं, आणि त्यांतूनच प्रस्तुत लेख लिहिण्याची बुद्धि झाली.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. ज्या कुटुंबांस शक्य असेल त्यांनीं आपली रोजची भाजी, फळें, अंडीं व दूध हीं ज्या हातांनीं निर्माण केलीं त्याच हातांकडून, होईल तितक्या जवळून, विकत घ्यावीं. हें आम्ही दया म्हणून सुचवीत नाहीं. दयेनें दिलेला रुपया घेणाऱ्याचें पोट भरतो, पण त्याची मान खालीं करतो. हा प्रश्न हिशेबाचा आहे, आरोग्याचा आहे, आणि आमच्या ह्या तालुक्यापुरता तरी पायांखालच्या जमिनीचा व विहिरींतील पाण्याचा आहे.

वाडी म्हणजे काय हें वाडींत जन्मलेल्या मुलांस सांगावयास नको. परंतु आज आमच्या वर्गांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून येथें आलेल्या कुटुंबांचीं पुष्कळ मुलें आहेत. त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगांव, गिरीज ह्या किनाऱ्यालगतच्या गांवांतून जमिनीचे लहान लहान तुकडे आहेत. त्यांवर माडांच्या सावलींत पोफळी, पोफळीवर चढविलेली पानवेल, मधल्या जागेंत केळ, खालीं अळू व हळद, आणि मोकळ्या वाफ्यांत वांगीं, माठ, मुळा व कोथिंबीर अशी दाट लागवड असते. कुंपणाशीं मोगरा, सोनचाफा किंवा जास्वंद. एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागावें, आणि वर्षाचा एकही महिना रिकामा जाऊं नये, अशी ही योजना आहे. केळीचा पाला व गोठ्यांतील शेण वाडीच्याच मातींत परत जातें. सामवेदी, वाडवळ, आगरी अशा अनेक समाजांतील हिंदु व ख्रिस्ती कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या ही शेती सांभाळली. राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं हा ह्याच वाड्यांचा मेवा होय.

वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें ती जिंकली. पुढें इंग्रजांचा अंमल आला आणि गेला. राज्यें बदललीं, पण रहाट फिरत राहिले. १८६७ सालीं विरारहून मुंबईस उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हां मुंबईची बाजारपेठ आमच्या दाराशीं आली, आणि भल्या पहांटे टोपल्या घेऊन गाडी गांठणाऱ्या बायांच्या हातून वसईची भाजी व फुलें त्या महानगरांत पोहोंचूं लागलीं. ज्यांस आज आपण रस्त्यांतील अडथळा म्हणून ओलांडून जातों, त्या टोपल्यांनीं किती घरांचीं शिक्षणें केलीं ह्याचा हिशेब कोणी मांडला नाहीं. ह्या शाळेच्या फीच्या पावत्या बोलूं लागल्या तर त्यांतील पुष्कळ पावत्या अळूची व केळीची भाषा बोलतील.

आतां रुपयाची गोष्ट पाहूं. भारतीय रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधांत असा अंदाज दिला आहे कीं, ग्राहक टोमॅटोसाठीं जो रुपया मोजतो त्यांतील सुमारें ३३ पैसे शेतकऱ्याच्या हातीं पडतात. कांद्याच्या रुपयांतील ३६ आणि बटाट्याच्या रुपयांतील ३७. बाकीचे पैसे अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडें, घाऊक व किरकोळ व्यापाऱ्याचा नफा आणि वाटेंत सडलेला माल ह्यांत जातात. हें सडणेंही थोडें नाहीं. लुधियाना येथील केंद्रीय संस्थेच्या २०१५ सालच्या पाहणीप्रमाणें फळें व भाज्या ह्यांची काढणीनंतरची नासाडी, पिकापिकाप्रमाणें, शेंकडा ४.५८ पासून १५.८८ पर्यंत होते. जें सडलें त्याची किंमत कोणी तरी भरतोच. शेतकरी ती कमी भावानें भरतो आणि ग्राहक चढ्या भावानें भरतो.

आमच्या सहावीच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पाहावें. समजा, दुकानांत टोमॅटो साठ रुपये किलो आहेत. वरील प्रमाण धरलें तर शेतकऱ्यास त्यांतले वीस मिळतात. तोच शेतकरी आपल्या हातानें पंचेचाळीस रुपयांस विकूं लागला, आणि माल आणण्याचा व बसण्याचा त्याचा खर्च किलोमागें दहा रुपये धरला, तरी त्यास पस्तीस उरतात. ग्राहकाचे पंधरा वांचले, शेतकऱ्यास पंधरा अधिक मिळाले, आणि कोणी कोणावर उपकार केला नाहीं. ज्या व्यवहारांत दोन्ही पक्ष असे संतुष्ट होऊन घरीं जातात, त्यास आम्ही उत्तम व्यवहार म्हणतों.

ह्या व्यवहारास कायद्याचीही आडकाठी नाहीं. शेतमालाची घाऊक खरेदीविक्री नियंत्रित बाजारांतून व्हावी, म्हणून महाराष्ट्रांत १९६३ सालीं कायदा झाला. सावकार व अडत्ये ह्यांच्या मनमानीपासून शेतकऱ्यास वांचविणें हा त्याचा हेतु चांगला होता. पण पुढें त्या बाजारांतही मक्तेदारी शिरली, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येऊं लागली. २०१६ सालीं राज्य सरकारनें फळें व भाज्या ह्यांवरील हें नियमन उठविलें, आणि संत सावता माळी ह्यांच्या नांवानें शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरविण्याची योजना काढली. ज्या संतानें अरण गांवीं आपल्या मळ्यांतच देव पाहिला, त्याचें नांव ह्या योजनेस शोभून दिसतें. दार उघडलें आहे. त्यांतून आंत जाणें हें आपलें काम आहे.

दुसरा विचार आरोग्याचा. खुडलेली पालेभाजी मेलेली नसते. तिचा श्वास चालू असतो, आणि त्या श्वासाबरोबर तिचा सांठा खर्च होत असतो. पानांतील पाणी उडून जातें आणि ‘क’ जीवनसत्त्व तासातासानें कमी होत जातें. उष्ण हवेंत हा ऱ्हास फार झपाट्यानें होतो. मटार व कोंवळा मका ह्यांतील साखरेचें पिष्ट होऊं लागतें व गोडी जाते. दूर जावयाचे टोमॅटो हिरवे असतांनाच खुडावे लागतात, कारण पिकलेला टोमॅटो प्रवास सोसत नाहीं. फळें झटपट पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाईड वापरण्यास कायद्यानें बंदी आहे. तरी लोभानें तें वापरलें गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. सकाळीं खुडलेलें, दुपारीं शिजविलेलें अन्न ही श्रीमंतांची चैन नव्हे. आमच्या आजीच्या काळीं तें गरीबाच्या चुलीवर रोज शिजत असे. तेंच आज शहरांत दुर्मिळ झालें आहे, आणि जें दुर्मिळ झालें तें वसईंत अजून हाताच्या अंतरावर आहे. हें आमचें भाग्य आपण ओळखीत नाहीं.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा, आणि तो ताटापेक्षां मोठा आहे. वाडींत बावखल असतें. बावखल म्हणजे पावसाचें पाणी सांठविणारें गोडें तळें. तें भरतें, हळूहळू जमिनींत मुरतें, विहिरीस पाणी पुरवितें, आणि समुद्राचें खारें पाणी जमिनीखालून आंत शिरूं पाहतें त्यास मागें रेटून धरतें. आमच्या पूर्वजांनीं भूजलशास्त्राचीं पुस्तकें वाचलीं नव्हतीं, पण ही किमया त्यांस ठाऊक होती. पुढें वाढत्या शहराची तहान भागविण्यासाठीं कित्येक वर्षें वाड्यांच्या विहिरींतून टँकर भरून पाणी उपसलें गेलें, आणि कित्येक विहिरी खारट झाल्या. कित्येक बावखलें मातीनें बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २०१८ सालच्या जुलै महिन्यांत पाऊस कोसळला तेव्हां नालासोपाऱ्याच्या रेल्वेमार्गावर पाणी चढलें, गाड्या थांबल्या आणि वसईच्या कित्येक वस्त्या दिवसेंदिवस पाण्यांत राहिल्या. त्या वेळीं पहिल्या मजल्यावर अडकून पडलेलीं मुलें आमच्या वर्गांत आहेत. पाण्यास मुरावयास जागा न उरणें हें त्या संकटाचें एकमेव कारण नसेल. परंतु मोठें कारण होतें, ह्यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. वाडी ही केवळ वाडीवाल्याची नसते. तिच्यांत मुरणारें पाणी शेजारच्या इमारतींतील बिऱ्हाडांचेंही रक्षण करतें.

ह्या जमिनीसाठीं येथील लोक झगडले आहेत. १९९० च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर मोठ्या नगररचनेचें सावट आलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें लोकांस जागें केलें. तेच फादर दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या पिढीनें मोर्चे काढले, निवेदनें दिलीं, धमक्या सोसल्या. त्या लढ्याविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. तरीही एक कटु सत्य सांगणें आम्हांस भाग आहे. मोर्चानें यंत्र एक दिवस थांबतें. परंतु वाडीचें उत्पन्न घरखर्चास पुरेनासें झालें, मुलाच्या शिक्षणासाठीं व म्हाताऱ्यांच्या औषधासाठीं पैसा उभा राहिनासा झाला, म्हणजे मालक आपल्याच हातानें विक्रीच्या कागदावर सही करतो. त्यास दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा? २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढीं माणसें रोज जेवतात. त्यांच्या जेवणांतील भाजीचा लहानसा वांटा जरी शेजारच्या वाडींतून गेला असता, तरी किती वाड्या राहिल्या असत्या! ज्या वाडीची भाजी खपत नाहीं, ती वाडी एके दिवशीं स्वतःच विकली जाते.

ही केवळ वसईची कहाणी नाहीं. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें आपल्या देशांतील शेंकडा ८६ शेतजमिनी दोन हेक्टरांहून लहान आहेत, आणि सरासरी जमीन १.०८ हेक्टर, म्हणजे जेमतेम पावणेतीन एकर, आहे. एवढ्या तुकड्यावर धान्य पिकवून दूरच्या बाजारांत ठोक भावानें विकलें तर कुटुंब जगणें कठीण. त्याच तुकड्यांत भाजी, फळें व दूध निघालें आणि तें जवळच्या ग्राहकास थेट मिळालें, तर तें कुटुंब मानानें जगूं शकतें. लहान शेतकऱ्याचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्याच्या शेजाऱ्याच्या पिशवींत आहे.

आमच्या मतावर चार आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, अशी भाजी महाग पडते. ‘सेंद्रिय’ असें लिहिलेल्या सुबक पुड्यांविषयीं हें खरें आहे. आम्ही मात्र त्या पुड्यांची शिफारस करीत नाहीं. हंगामांतली भाजी टोपलीवरून घेतली तर ती बहुधा दुकानापेक्षां महाग पडत नाहीं. हंगाम सोडून मागितली म्हणजे महाग पडते. जानेवारींत पापडी व वाल, पावसाळ्यांत पडवळ, शिराळीं व अळू, असें पंचांग पाहून जेवणारें घर थोड्या पैशांत चांगलें जेवतें. तरीही ज्या पालकांस दोन वेळच्या जेवणाची विवंचना आहे, त्यांनीं जेथें स्वस्त मिळेल तेथेंच घ्यावें. हा उपदेश त्यांच्यासाठीं नाहीं, आणि त्यांनीं त्याचें ओझें मनावर घेऊं नये.

दुसरा आक्षेप सोयीचा. मोबाईलवरील ॲपवर बोट ठेवलें कीं दहापंधरा मिनिटांत भाजी दारीं येते. मग पावसांतून कोण जाईल? दोघेही नोकरीस जाणाऱ्या आईबापांची धांवपळ आम्हांस ठाऊक आहे. म्हणून आम्ही सर्व खरेदी बदला असें म्हणत नाहीं; आठवड्यांतील एक दिवस बदला एवढेंच म्हणतों. आणि सोयीबरोबर काय जातें हेंही ध्यानांत घ्यावें. दारावर पिशवी टाकून पळणाऱ्या मुलास विचारतां येत नाहीं कीं, हें अळू खाजरें तर नाहीं ना? टोपलीवाल्या बाई मात्र न विचारतां सांगतात कीं, ताई, ह्यांत चिंच अंमळ जास्त घाला.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, म्हणून आम्ही त्यास मान देतों. मधला व्यापारी, हातगाडीवाला, हमाल हेही कष्टकरीच आहेत; त्यांचें काय? आमचें उत्तर असें कीं, नाशिकचा कांदा आणि जुन्नरचा टोमॅटो वसईस आणणारा कोणी तरी हवाच, व त्यास त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. जेथें अंतर आहे तेथें मध्यस्थ उपयोगी आहे. आमचा प्रश्न अंतर नसलेल्या ठिकाणचा आहे. गिरीजची भाजी आधीं मुंबईच्या बाजारांत जावी आणि तेथून फिरून वसईच्या दुकानांत यावी, ह्यांत कोणाचेंच हित नाहीं.

चौथा आक्षेप असा कीं, जवळची भाजी ती शुद्धच कशावरून? हा प्रश्न रास्त आहे. शेतकरीही औषधें फवारतो, आणि कधीं फवारल्यावर ठरलेले दिवस न थांबतां माल काढतो. केवळ ‘आपल्या गांवचें’ म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु जवळच्या वाडींत जाऊन पाहतां येतें, दूरच्या शेतांत तें शक्य नाहीं. केंद्र सरकारची एक सहभाग हमी पद्धति आहे. तींत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करून सेंद्रिय लागवडीची ग्वाही देतात. कागदापेक्षां ओळखीची लाज मोठी असते. ज्याचा मुलगा आपल्या मुलाच्या शेजारीं बसतो, तो माणूस आपणांस विष विकावयास धजत नाहीं.

अन्यत्र लोकांनीं ह्या बाबतींत काय केलें तें पाहिलें म्हणजे धीर येतो. जपानमध्यें १९७० च्या दशकांत दूषित अन्नाच्या भीतीनें जाग्या झालेल्या गृहिणींनीं शेतकऱ्यांशीं थेट करार केले. तिकडे ह्यास ‘तेइकेइ’ म्हणतात. अमेरिकेंत १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स व न्यू हॅम्पशायर ह्या संस्थानांत कांहीं कुटुंबांनीं हंगामाच्या आरंभींच शेतकऱ्यास पैसे देऊन पिकाचा वांटा घेण्याची रीत सुरू केली. पीक चांगलें आलें तर वांटा मोठा, पाऊस फसला तर लहान. नफ्याबरोबर तोट्यांतही भागी. आपल्या देशांत १९९९ सालीं आंध्र प्रदेशांत ‘रयतु बाजार’ आणि तामिळनाडूंत ‘उळवर संदै’ सुरू झाले. तेथें शेतकरी स्वतः बसून विकतो. आणि २०२० च्या टाळेबंदींत बाजार बंद पडले, तेव्हां महाराष्ट्रांत शेतकऱ्यांचे गट भाजीच्या पिशव्या भरून थेट गृहसंकुलांच्या दाराशीं आले, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. संकटांत जें जमलें तें सुखाच्या दिवसांत विसरावें, हें शहाणपणाचें नव्हे.

म्हणून आम्ही पालकांपुढें कांहीं साध्या सूचना ठेवतों. एका इमारतींतील पांच सात कुटुंबांनीं मिळून एक वाडी आपली म्हणावी, आणि आठवड्याची भाजी ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या भावानें घ्यावी. शक्य असेल त्यांनीं महिन्याचे पैसे आगाऊ द्यावे. बियाण्याच्या वेळीं हातांत असलेला रुपया काढणीच्या वेळच्या दोन रुपयांच्या तोडीचा असतो. वाडीवाला देईल ती भाजी शिजवावी. वेडीवांकडी वांगीं व किडीनें कुरतडलेलें एखादें पान पाहून नाक मुरडूं नये. पावसाळ्यांत डोंगरपट्ट्यांतून आदिवासी भगिनी टाकळा, कंटोळीं, शेवळें घेऊन येतात, त्यांसही ह्या हिशेबांत धरावें. आणि पांच रुपयांसाठीं घासाघीस करूं नये. भाव विचारणें हा ग्राहकाचा हक्क आहे. पडत्या पावसांत थकलेल्या माणसाची अडचण ओळखून भाव पाडणें हा हक्क नव्हे.

शाळेनेंही आपला वांटा उचलावा, असें आम्हांस वाटतें. मिशनच्या शिक्षणसंस्थांस शेती परकी नाहीं. अलाहाबादेस सॅम हिगिनबॉटम ह्या मिशनऱ्यानें १९१० सालीं शेतकी विद्यालय काढलें, तें ह्याच जाणिवेनें. आमच्या शाळेच्या फाटकाशीं शनिवारीं सकाळीं दोन तास पालक-शेतकऱ्यांस बसूं द्यावें. वजनकाटा आठवी-नववीच्या मुलांनीं सांभाळावा आणि जमाखर्च त्यांनींच लिहावा. ह्यांत गणित आहे, भूगोल आहे, विज्ञान आहे, आणि नागरिकशास्त्राचा तर पूर्ण धडा आहे.

शेतकरी पालकांसही दोन शब्द सांगितल्यावांचून आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं. माप चोख असूं द्या. वर ताजी व खालीं शिळी अशी जुडी बांधूं नका. गटाराच्या पाण्यांत भाजी धुऊं नका. फवारणी केली असेल तर तसें सांगा आणि थांबावयाचे दिवस थांबा. बाजारांतून आणलेला माल वाडीचा म्हणून विकूं नका. एका जुडीचें खोटें सबंध गांवाची पत घालवितें. आणि आपल्या बावखलास कचऱ्याची जागा समजूं नका. तुमच्या मालास मान हवा असेल, तर तो मान आधीं तुमच्या हातून मिळाला पाहिजे.

शेवटीं, विद्यार्थीमित्रहो, तुमच्याशीं थोडें बोलतों. सकाळच्या प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों. ती भाकर आभाळांतून पडत नाहीं. कोणाच्या तरी वांकलेल्या पाठीवरून आपल्या ताटांत येते. तुमच्यापैकीं ज्यांस ठाऊक नाहीं त्यांनीं एका रविवारीं वर्गमित्राच्या वाडीवर जावें, बावखलाच्या कांठीं उभें राहावें, केळीचा कोंका कसा फुटतो तें पाहावें, एक वाफा खणून पाहावा आणि मग वीस रुपयांच्या जुडीची किंमत आपल्या तळहातास विचारावी. आणि ज्यांचे आईबाप वाडी करतात त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, डॉक्टर आजारी माणसास बरें करतो, वकील भांडणाऱ्यास सोडवितो, पण शेतकऱ्याची गरज सर्वांस रोज तीन वेळां लागते.

पुढील वर्षीं शाळेचे अर्ज पुन्हां भरले जातील. ‘आईचा व्यवसाय’ हा रकाना त्यांत असेलच. त्या मुलानें तेथें ठळक अक्षरांत ‘शेतकरी’ असें लिहावें, आणि तें वाचून त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलीनें घरीं जाऊन आईस सांगावें कीं, आई, आपण शनिवारीं अळू ह्यांच्याकडूनच घेऊं. एवढीच आमची इच्छा आहे. ती पुरी करण्यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाहीं. एक पिशवी आणि शनिवारची सकाळ पुरे.